आधी खुर्च्या उचला, ओळख आपोआप होते

मागच्या अंकात मी जर्मनीतल्या लाइपझिगमधल्या आमच्या मोहल्ल्यातल्या लुथरन चर्चच्या उन्हाळी जत्रेबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर एवढे प्रश्न आले की संपादकांनी हा महिना त्यालाच देऊन टाकला. एक आधीच सांगते, मी ख्रिश्चन नाही. आमचं घर गणपती बसवणारं. पण मुलगा चर्चच्या बालवाडीत होता त्यामुळे सात वर्षांपूर्वी त्या दारातून आत गेले आणि मग येतजात राहिले. तेव्हा जे लिहितेय ते आतल्या माणसाचं नाही, पण अगदी बाहेरच्याचंही नाही.

प्रश्न: मी सांगलीहून १ ऑक्टोबरला मुलीकडे लाइपझिगला येतेय, तीन महिने आहे. मुलगी जावई दिवसभर ऑफिसला. तुम्ही लिहिलंत तशा चर्चमधे काय काय असतं आणि माझ्यासारखीने गेलं तर चालतं का? जर्मन येत नाही.

काकू, तुम्ही नेमकं वेळ साधून येताय. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आपल्याकडे श्रावण ते दिवाळी असतं ना, तसं आहे, एक झालं की दुसरं.

आल्या आल्या पहिल्याच रविवारच्या आसपास एर्न्टेडांक असतं, म्हणजे सुगीचे आभार. वेदीसमोर भोपळे, बटाटे, गव्हाच्या पेंढ्या, सफरचंदं, पाव असं सगळं मांडलेलं असतं, शहरातली मंडळी सुपरमार्केटमधून आणून ठेवतात ते सोडा, पण कुणाच्या तरी बागेतला मातीसकट मुळा असतोच. नंतर ते सगळं गरजूंना वाटतात. मग ९ ऑक्टोबर. त्या दिवशी संध्याकाळी मुलीला घेऊन निकोलाई चर्चला जाच. तिथे १९८२ पासून दर सोमवारी पाच वाजता शांततेची प्रार्थना होते, आजही होते, आणि १९८९ मधे ९ ऑक्टोबरला त्या प्रार्थनेनंतर सत्तर हजारांच्या आसपास माणसं पूर्व जर्मनीच्या सरकारविरुद्ध रस्त्यावर चालली. हातात मेणबत्त्या. मेणबत्ती एका हातात धरायची तर दुसऱ्या हाताने वारा अडवावा लागतो, मग दगड उचलायला हात उरतोच कुठे. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, एक आजी त्या रात्री तिथे होत्या, पण त्याबद्दल विचारलं की एवढंच म्हणतात, भीती वाटत होती आणि पाय गार पडले होते.

३१ ऑक्टोबरला सुट्टी. मार्टिन ल्यूथर, म्हणजे ज्याच्यापासून लुथरन पंथ सुरू झाला, त्याने १५१७ मधे विटेनबर्गला तेव्हाच्या चर्चच्या चुका दाखवणारी आपली पंचाण्णव कलमं मांडली तो दिवस. विटेनबर्ग इथून रेल्वेने फार लांब नाही, पण तिथे गर्दी असते. त्यापेक्षा सकाळी उपासनेला जा आणि येताना बेकरीतून रेफॉर्मात्सिओन्सब्रोटशेन आणा, बेदाणे घातलेला गोड पाव, मधे जॅमचा लाल ठिपका. ल्यूथरचं गुलाबाचं चिन्ह होतं, त्याची ती नक्कल. या दिवसांतच मिळतो. मग ११ नोव्हेंबरला भिकाऱ्याला आपला अर्धा अंगरखा देणाऱ्या संत मार्टिनचा दिवस, अंधार पडला की पोरं कागदी कंदील काठीला लावून गाणी म्हणत फिरतात, पुढे घोड्यावर लाल अंगरख्यातला मार्टिन, शेवटी शिंगाच्या आकाराचा पाव मोडून अर्धा शेजारच्याला द्यायचा. (ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा आणि बारसं, म्हणजे बाप्तिस्मा, दुसऱ्या दिवशी झाला म्हणून नाव मार्टिन. आपल्याकडे रामनवमीला झालेल्या पोराचं नाव राम ठेवतात तसंच की.)

नोव्हेंबरात एका बुधवारी अजून एक सुट्टी येईल, पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस, ती आख्ख्या जर्मनीत फक्त झाक्सनमधे, म्हणजे लाइपझिग ज्या राज्यात आहे तिथे, उरलीय. १९९५ मधे बाकी राज्यांनी सेवाशुश्रूषा विम्याचा खर्च भागवायला ती सोडली, झाक्सनने नाही सोडली, आणि त्याची किंमत म्हणून इथले नोकरदार त्या विम्याला अर्धा टक्का जास्त भरतात. जावयाला पगाराची स्लिप दाखवायला सांगा, गंमत म्हणून.

डिसेंबरात तर विचारूच नका. चर्चमधे, गॅलऱ्यांत, खिडक्यांत पंचवीस टोकांच्या कागदी चांदण्या लागतात, झाक्सनमधल्याच हेर्नहुट गावच्या. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला वाटलं कुणीतरी आकाशकंदील लावलाय, आणि मी तिथेच रस्त्यात उभी राहून आईला फोन केला. २४ तारखेला दुपारी मुलांचं क्रिपेनश्पील, म्हणजे येशूजन्माचं नाटक. पाऊण तास आधी गेला नाहीत तर उभं राहावं लागेल, कारण वर्षभर न फिरकणारे सगळे त्याच दिवशी येतात. आमच्याकडचं पोरगं तीन वर्षं मेंढरू होतं, मागच्या वर्षी बढती मिळून मेंढपाळ झालं, पण डोक्यावरचा पंचा सारखा डोळ्यांवर येत होता त्यामुळे देवदूत कुठल्या बाजूला उभा आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही त्याला.

भाषेचं टेन्शन नको. भिंतीवर लाकडी फळीवर गाण्यांचे नंबर असतात, पुस्तकात तो नंबर काढायचा, शेजारची बाई बोट ठेवून दाखवते. आणि संगीताला कुठे भाषा लागते. थोमास चर्चला शाळेच्या दिवसांत शुक्रवारी सहाला आणि शनिवारी तीनला मुलांचा कॉयर गातो, तो कॉयर १२१२ पासून चालूय. संगीतकार बाख तिथे १७२३ पासून मरेपर्यंत, सत्तावीस वर्षं, या पोरांना शिकवत होता आणि त्याची समाधी वेदीसमोरच आहे, साधी पट्टी जमिनीत. दोनचार युरोंचा कार्यक्रमाचा कागद घ्यायचा आणि बसायचं. फक्त कोट काढू नका, दगडी चर्च आहेत, थंडी चावते.

प्रश्न: आम्ही नगरचे, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले. मुलीला लाइपझिगला नोकरी लागलीय. नावनोंदणी करताना धर्म विचारतात आणि ख्रिस्ती लिहिलं की पगारातून पैसे कापतात असं ऐकलं. खरं का? आणि आमच्या बाप्तिस्म्याला तिथे किंमत आहे का?

खरं आहे, पण लोक सांगतात तेवढं भयंकर नाही. शहरात राहायला आलं की महापालिकेत नाव नोंदवायचं, त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे इव्हान्जेलिश, म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलं की तुमची मुलगी इथल्या लुथरन चर्चची सभासद धरली जाते आणि किर्शेनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर, सुरू होतो. तो पगाराच्या नाही, इन्कमटॅक्सच्या नऊ टक्के असतो, बायर्न आणि बाडेन व्युर्टेमबर्ग या राज्यांत आठ. म्हणजे महिन्याला सहाशे युरो टॅक्स कापला जात असेल तर चौपन्न युरो. वर्षअखेरीला रिटर्न भरताना तो खर्चात दाखवता येतो. त्याशिवाय झाक्सनमधे मंडळीची स्वतःची थोडी वर्षाची वर्गणी पण असते, तिचं पत्र घरी येतं, तेव्हा मुलीने दचकू नये.

रकाना रिकामा ठेवला तर कुणी जाब विचारत नाही आणि चर्चमधे यायला पण बंदी नाही. पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर, ज्याला खरोखर तिथलं व्हायचंय त्याने भरावा. इथे तुमच्यासारखी दर रविवारी भरलेली देणगीची पाकिटं नसतात, पाळकांचा पगार, ऑर्गनची दुरुस्ती, छप्पर बहुतेक सगळं त्यातूनच. कर नको झाला तर नंतर नोंदणी कार्यालयात जाऊन थोडी फी भरून नाव काढता येतं, पण मग सभासदत्वच जातं, कुणाच्या बाप्तिस्म्याला गॉडमदर होणं वगैरे राहून जातं. तेव्हा काय लिहायचं ते आधीच ठरवून जा, काउंटरवर नंबर लागल्यावर विचार करत बसू नका.

बाप्तिस्म्याला पूर्ण किंमत आहे, पुन्हा घ्यावा लागत नाही, फक्त दाखल्याचं इंग्रजी भाषांतर सोबत द्या. वेगवेगळे पंथ मिळून सीएनआय १९७० मधे झाली तेव्हा लुथरन त्यात नव्हते हे तुम्हाला माहीत असेलच, त्यामुळे उपासनेची मांडणी थोडी वेगळी वाटेल, पण प्रभुभोजनाला बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांना बोलावतात, वाइन नको असेल तर द्राक्षाचा रस पण ठेवलेला असतो. आणि एक मजा सांगते, भारतातून आले म्हटलं की म्हातारी माणसं हमखास विचारतील, तामिळ का? लाइपझिग मिशनची माणसं १८४० पासून तामिळ मुलखात जात होती, त्यांच्यासाठी भारत म्हणजे तिथेच. मुलीने नगर कुठे आहे ते मोबाइलवर दाखवायची तयारी ठेवावी.

प्रश्न: मुलगा तिथे एमएस करतोय. चर्चच्या कॉयरमधे गातो म्हणाला. धर्म बदलायला सांगतात का हो? आम्ही घाबरलोय.

काका, नाही. सात वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही. उलट हे लोक धर्माबद्दल बोलायला लाजतात, चाळीस वर्षं कम्युनिस्ट राजवटीत काढलीत, विद्यापीठाचं मोठं जुनं चर्च १९६८ मधे सरकारने सुरुंग लावून उडवलेलं ज्यांनी पाह्यलं ते आजही मंडळीत आहेत. या शहरात बहुसंख्य लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत, त्यामुळे कॉयरमधले पण कितीतरी नुसते गाण्यासाठी येतात. त्याला गाऊ द्या. आवाज सुधारेल आणि जर्मन पण.

प्रश्न: मी आयटीत आहे, इथेच लाइपझिगमधे. दोन वर्षं झाली, एकही मित्र नाही. एकदोनदा चर्चच्या कार्यक्रमाला गेलो, सगळे हसून हॅलो म्हणाले आणि संपलं. चुकतंय कुठे?

तुझ्यापेक्षा मोठी आहे म्हणून अरेतुरे करते. चुकतंय हे की तू पाहुणा म्हणून गेलास. इथे पाहुण्याला पाहुणाच ठेवतात, अगदी प्रेमाने. आपल्या गणेश मंडळात कसं, आरतीला येणारे शंभर आणि मंडपाचे बांबू बांधणारे दहा, आणि मैत्री त्या दहाजणांचीच असते. तसंच.

चर्चच्या दाराशी एक पातळ अंक ठेवलेला असतो, गेमाइंडेब्रीफ, दोनतीन महिन्यांचं सगळं वेळापत्रक त्यात असतं, बायबल वाचन, वयस्कांची दुपार, पितळी वाद्यांचा ग्रुप, मुलांची तालीम, आणि शेवटी बारीक अक्षरात मदत हवी म्हणून काहीतरी लिहिलेलं असतं. ते बारीक अक्षर वाच. झाडलोटीचा शनिवार असतो, पानं गोळा करायची असतात. आणि केकची यादी असते. ही यादी फार महत्त्वाची, चुकवू नको. कार्यक्रमाच्या आधी एक कागद टेबलावर फिरतो, नाव, कुठला केक, त्यात नट्स आहेत का. मी पहिल्यांदा रव्याचा केक लिहिला आणि पुढे अंडं नाही असं लिहिलं, तर तीन बायका रेसिपी विचारायला आल्या, त्यातल्या एकीशी आज माझं घरी येणंजाणं आहे.

हां, माझी फजिती पण ऐक. माणसं कमी झालीत त्यामुळे आता तीनचार चर्च मिळून एक पाळक आणि एक अंक असतो, आणि मी वेळ पाहिली पण ठिकाणाचा रकाना पाहिला नाही. सकाळी दहाला गरम केकचं ताट घेऊन बंद दारासमोर उभी. ट्राम पकडून दुसऱ्या चर्चला पोचले तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं, दार करकरलं, सगळ्यांनी वळून पाहिलं आणि ताटावरचं फडकं नेमकं तेव्हाच घसरलं. पण कॉफीला केक सगळ्यात आधी माझाच संपला.

तर उपासना संपली की लगेच जाऊ नकोस. कॉफी असते. कॉफी झाली की कुणी न सांगता खुर्च्या रचायला लाग, कप धुवायच्या खोलीत जा, टॉवेल घे. बोलणं तिथे होतं, बाहेर नाही. तीन रविवार कर आणि मग मला लिही.

प्रश्न: वडील मार्चमधे गेले. व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही. इथे चर्चमधे नोव्हेंबरात गेलेल्यांची नावं घेतात असं शेजारीण म्हणाली. आम्ही हिंदू. विचारलेलं बरं दिसेल का?

विचारा. अॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, आधीचा शेवटचा रविवार, टोटेनझोनटाग म्हणतात, आपली सर्वपित्री समजा. वर्षभरात मंडळीतलं जे जे कोणी गेलं त्यांची नावं एकेक करून वाचतात, प्रत्येक नावाला एक मेणबत्ती, मधे कुणीच बोलत नाही. ती यादी मंडळीतल्यांची असते, पण नंतर बाकीच्यांना पुढे येऊन आपापल्या माणसासाठी मेणबत्ती लावता येते, निदान आमच्याकडे तरी, आणि त्याला कुणी धर्म विचारत नाही.

माझे बाबा गेले त्या वर्षी मी पण गेले नव्हते, तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. पास्टरबाईंना भीतभीत विचारलं तर म्हणाल्या, नाव लिहून द्या, मी वाचते. दोन दिवसांनी त्यांचा फोन, आमच्या आडनावात ळ आहे, तो कसा म्हणायचा. मी फोनवर म्हणून दाखवला, त्या ल म्हणाल्या, परत, परत ल. शेवटी म्हटलं असू द्या हो, पण त्या ऐकेनात, जीभ कुठे लावायची ते सांगा म्हणाल्या. आता ळ ला जीभ कुठे लागते ते मी आयुष्यात कधी पाहिलं होतं? आरशासमोर उभी राहून पाहिलं आणि सांगितलं. रविवारी बाबांचं नाव आलं तेव्हा त्या एक क्षण थांबल्या आणि ळ म्हणाल्या. पूर्ण नाही, पण ल नक्की नव्हता.

यादी आधी छापतात, म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत चर्चच्या ऑफिसला फोन करा. ऑफिस रोज उघडं नसतं, वेळ अंकाच्या मागच्या पानावर असते. नाव मोठ्या अक्षरात लिहून द्या, आणि ळ असेल तर तेही सांगून ठेवा.