अंतराळातल्या कचऱ्याचं यंत्र करताय? आधी कचऱ्याचं वजन करा

तुम्ही विचारलंय की इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, नाशिकलाच, मंगळासारख्या लांबच्या मोहिमेसाठी कचऱ्याची विल्हेवाट लावणारं यंत्र प्रोजेक्टला घेताय, तर सुरुवात कुठून करायची. मी अंबड एमआयडीसीत प्रेस टूलचं काम करतो आणि ओळखीतल्या पोरांना अशाच प्रोजेक्टला मदत केलीये म्हणून सांगतो, विषय भारी निवडलाय.

आधी कॅड मॉडेल बंद करा आणि कचरा काय असणार ते ठरवा. सध्या स्पेस स्टेशनवरचा बराचसा कचरा प्रोग्रेस किंवा सिग्नससारख्या मालवाहू यानात भरतात आणि ते वातावरणात शिरताना जळून जातं. मंगळाच्या वाटेवर अशी गाडी येणार नाही. नासाच्या अंदाजाने ४ माणसांचा वर्षभराचा कचरा २,५०० किलोपर्यंत जातो. बाहेर फेकावा तर तो साधारण त्याच मार्गाने यानासोबत प्रवास करत राहणार, आणि त्यातलं पाणी गेलं ते वेगळंच. माझ्या मते खरा मुद्दा हे पाणीच आहे, कारण ओले वाइप्स, टॉवेल, उरलेलं जेवण यात ते भरपूर असतं.

म्हणून एक नमुना पिशवी बनवा, त्यात फूड पाकिटं, वाइप्स, हातमोजे, जुना टीशर्ट, कागद, थोडं खरकटं, प्रत्येकाचं वजन लिहून ठेवा. आपण घंटागाडीत ओला सुका वेगळा टाकतो, इथे मात्र दोन्ही एकत्रच लागतात, ओल्यातून पाणी मिळतं आणि सुक्यातलं प्लास्टिक बाकीच्याला धरून ठेवतं. वेफर्सची पाकिटं गार असताना दाबून बघा, प्लंजर म्हणजे दाबणारा दट्ट्या वर घेतला की कुरकुर करत परत फुगतात. नासाच्या एम्स केंद्रातल्या कॉम्पॅक्टरमध्ये म्हणून कचरा सुमारे १५० अंशाला गरम करून दाबतात, प्लास्टिक वितळतं, पाण्याची वाफ निघून जाते आणि मागे घट्ट फरशी उरते, जी पुढे रेडिएशनपासून आडोसा म्हणून वापरता येईल असा विचार आहे कारण प्लास्टिकमध्ये हायड्रोजन भरपूर असतो. एक लक्षात ठेवा, फरशी गार होईपर्यंत दाब सोडायचा नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि बहुतेक ग्रुप इथेच घाई करतात. वाफेचं पाणी खाली भांड्यात ठिबकेल असं डिझाइन केलंत तर ते फक्त पृथ्वीवर चालणार, वजनरहित अवस्थेत थेंब पडत नाही, पृष्ठताणामुळे जिथे बनला तिथेच चिकटून बसतो. त्याला ओढून न्यायला हवेचा झोत, सच्छिद्र पदार्थ नाहीतर फिरणारा सेपरेटर लागतो. तुमच्याकडे शून्य गुरुत्व नाहीये पण एक सोपी टेस्ट आहे, कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करून पाणी करणारा भाग, बेअरिंगवर बसवलेल्या फ्रेमला लावा आणि सरळ, आडवा, उलटा अशा तिन्ही स्थितीत चालवा. तिन्हीत सारखंच पाणी मिळालं तर तुमचं डिझाइन गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालत नाहीये हे बऱ्यापैकी दिसतं, आणि परीक्षकांना हे दाखवण्यात खरी मजा आहे!

विजेचं गणितही करून ठेवा, १ लिटर पाणी २५ अंशावरून गरम करून त्याची वाफ करायला साधारण ०.७ युनिट लागतं, हीटरमधून वाया जाणारी उष्णता वेगळी. वास आणि वायू ॲक्टिव्हेटेड कोळशातून न्या, बंद केबिनमध्ये खिडकी उघडता येत नाही.

स्कायलॅब या अमेरिकेच्या जुन्या स्पेस स्टेशनचं उदाहरण रिपोर्टमध्ये जरूर घाला, १९७३ मध्ये तिथे कचरा एका एअरलॉकमधून (दोन हवाबंद दारांचा कप्पा) खालच्या रिकाम्या ऑक्सिजन टाकीत टाकायचे, म्हणजे जागेचा प्रश्न डिझाइन करतानाच सोडवलेला होता.

प्लंजर, साचा वगैरे अंबड सातपूरला कुठल्याही चांगल्या टूलरूममध्ये करून मिळेल, फक्त ड्रॉइंगवर टॉलरन्स नीट लिहा. पीव्हीसीचा एकही तुकडा नमुन्यात नको, तापला की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू सोडतो. चेंबरला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह लावल्याशिवाय हीटर चालू करू नका, आणि पहिली टेस्ट एक्झॉस्ट असलेल्या लॅबमध्ये सरांना सोबत घेऊनच करा, रूमवर अजिबात नको.