इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातला मध्ययुगीन किल्ला गेला कुठे? आज काही उरलंय का?

उरलंय, पण बहुतेक जमिनीखाली. शेफ आणि डॉन या नद्यांच्या संगमावर हा किल्ला होता. आधीचा १२६६ मध्ये बंडखोर सरदारांनी जाळला. १२७० मध्ये थॉमस द फर्निव्हलला दगडी किल्ला बांधायची राजाची परवानगी मिळाली. स्कॉटलंडची राणी मेरी १५७० पासून सुमारे १४ वर्षं मुख्यतः शेफील्डमध्येच, इथे आणि जवळच्या वाड्यात, कैदेत होती.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात १६४४ साली पार्लमेंटच्या फौजेने किल्ला घेतला आणि १६४६ मध्ये तो निकामी करायचा, १६४७ मध्ये पाडायचा हुकूम निघाला. नंतर त्या जागेवर कत्तलखाने, पोलादाच्या भट्ट्या, दुकानं, १९६० च्या दशकात तर अख्खा कॅसल मार्केट उभा राहिला. नावात तेवढा किल्ला शिल्लक!

गंमत म्हणजे नव्या इमारतींचे पाये खणतानाच जुने अवशेष पुन्हा दिसले. १९२७ नंतर पुरातत्त्व अभ्यासक लेस्ली आर्मस्ट्राँग यांनी चालू बांधकामातच दरवाजाच्या बुरुजाची आणि खंदकाची नोंद केली. २०१५ मध्ये मार्केट पाडल्यावर २०१८ मध्ये रीतसर उत्खनन झालं. माझ्या मते खरा खजिना खंदकातच असतो, कारण ओल्या गाळात लाकूड आणि चामडं टिकतं.