सोलापुरात बेटा मासा दोन महिन्यांच्या वर टिकत नाही, झाडं लावलेला टँक केला तर टिकेल का?

तुमचे तिन्ही बेटा दोन महिन्यांच्या आत गेले म्हणताय आणि आता झाडांचा टँक करायचाय. टिकेल की, पण आधी एक सांगा, पाणी किती दिवसांनी बदलता आणि किती? कारण माझे पहिले दोन मी स्वतःच मारलेत, स्वच्छतेच्या नादात.

शोकेसमध्ये बरणी, दर रविवारी मासा वाटीत काढायचा, बरणी-खडे सगळं घासून लख्ख करायचं आणि वरून नळाचं ताजं पाणी. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, कधी कधी क्लोरीनचा वास नाकाला झोंबतो, मी तेच पाणी थेट ओतलेलं. संध्याकाळी मासा तळाला पडून जोरजोरात कल्ले हलवत होता, सकाळी बघतो तर संपलेला.

होतं काय, माशाच्या घाणीतून अमोनिया सुटतो, तो विषारी. खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजवर बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट (हेही विषारीच) आणि मग नायट्रेट करतात, झाडं ते खातात. हे सगळं बसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून तोवर मासा आणूच नका. आणि नंतर घासाघाशी केली की परत पहिल्यापासून. आठवड्याला फक्त पाव भाग पाणी बदला, स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नवीन पाणी बॅरलमध्ये एक-दोन दिवस ठेवलेलं घ्या, ते तर आपल्या सगळ्यांकडे असतंच, शिवाय अँटी-क्लोरीनचे थेंब टाकले की बिनघोर.

टँक निदान वीस लिटरचा घ्या. झाडांत जावा फर्न आणि अनुबियास, दोन्ही जड (जास्त क्षारांच्या) पाण्यातही तगतात, कमी उजेडात चालतात. पण त्यांचं आडवं खोड खड्यात पुरायचं नाही हां, लाकडाला दोऱ्याने बांधायचं, मी पुरलं आणि पंधरा दिवसांत सडून वास मारायला लागलं. प्लॅस्टिकची झाडं नकोतच, पंख फाटतात.

आता खरी परीक्षा उन्हाळा. बेटाला २४ ते २८ डिग्री मानवतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३. बर्फ टाकू नका, एकदम गार झालं की मासा आजारी पडतो. टँकवर जाळी टाकून छोटा टेबल फॅन तिरका लावा, आपली हवा कोरडी असल्याने पाणी उडून दोन-तीन डिग्री सहज उतरतात. फक्त उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करा, नाहीतर क्षार मागेच राहतात आणि पाणी आणखी जड होत जातं. टँक काठोकाठ भरायचा नाही, हा मासा वर येऊन हवाही घेतो आणि उडीही मारतो. जाळी त्यासाठीच.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी-संध्याकाळी दोन-तीन दाणे बास, त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं समजा, आठवड्यात एक उपास. कितीही मागे लागला तरी जास्त नाही, तो कायमच उपाशी असल्यासारखा बघतो.

मेलेल्या माशांचे फोटो असतील तर टाका. पंखांच्या कडा काळसर, कुरतडल्यासारख्या दिसत असतील तर ती पंखसड, म्हणजे बहुतेक पाण्याचाच घोळ.