बादलीला वास येतोय?

प्रश्न : काकू, दीड महिना गच्चीवरच्या बादलीत भाजीची देठं, चहाचा चोथा टाकतेय. खत नाहीच, वास सुटलाय, अळ्या झाल्यात. काय चुकलं?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, बादली गुदमरलीय. खताला कर्ब (कार्बन) नत्राच्या (नायट्रोजनच्या) साधारण ३० पट लागतो; कर्ब सुक्या कचऱ्यात जास्त, नत्र ओल्यात, अन् तुमचं सगळंच ओलं. आपल्याकडं उसाच्या पाचटाला, म्हणजे वाळल्या पानांना, काय तोटा? गावाकडनं पोतंभर आणा, बोटभर तुकडे करा. एक वाटी ओल्यावर दोन वाट्या पाचट. बुडाला, बाजूंना भोकं पाडा, चार दिवसांनी उलथा. मूठ दाबली की हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. अळ्या मारू नका, त्या कचराच खातात. मटणाची हाडं, रश्श्याचा तवंग मात्र अजिबात नको. तीनेक महिन्यांत पहिल्या पावसाचा वास येईल, तेव्हा चाळा.