रोझिग्लिटाझोन (मधुमेहाचं औषध) 50 मायक्रोमोलर दिल्यावर मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींमधला टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू घटला. हे पीपीएआर-गॅमा या रिसेप्टरमुळेच (ज्याला हे औषध चालू करतं) झालं असं म्हणता येईल का?

नाही, एवढ्या डोसवर तरी नाही. रोझिग्लिटाझोन या रिसेप्टरला साधारण 40 नॅनोमोलरलाच बांधलं जातं, म्हणून पेशींवर 1 मायक्रोमोलर सहसा पुरे होतं. त्याच्या बरंच वर गेलं की रिसेप्टरशी संबंध नसलेले परिणाम मिसळतात. 2001 मध्येच पीपीएआर-गॅमा नसलेल्या मॅक्रोफेजवर प्रयोग झाले, आणि त्यांतही या अ‍ॅगोनिस्टनी (रिसेप्टर चालू करणाऱ्या रसायनांनी) दाहक सायटोकाइन (टीएनएफ-अल्फासारखे संदेशवाहक रेणू) कमी केली. (15-डीऑक्सी-पीजीजे2 हा दुसरा अ‍ॅगोनिस्ट वापरायचा मोह टाळा, ते दाहाचा संदेश पुढे नेणाऱ्या आयकेके एन्झाइमलाच थेट रोखतं.) तेव्हा डोस उतरवत न्या आणि सोबत एवढं करा:

- फक्त डीएमएसओ (औषध विरघळवायचं द्रावक) दिलेला कंट्रोल, तेवढ्याच टक्केवारीचा
- रिसेप्टर खरंच चालू झाला का, ते एफएबीपी4 आणि सीडी36 या त्याने चालू होणाऱ्या जनुकांच्या आरएनएवरून
- जीडब्ल्यू9662 (हा रिसेप्टर अडवणारं रसायन) आधी देऊन परिणाम पुसला जातो का

मात्र जीडब्ल्यू9662 वरही पूर्ण विसंबू नका. ते रिसेप्टरमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचं चिकटतं, आणि डोस वाढला की पीपीएआर-अल्फा या भावंड रिसेप्टरलाही धरतं. पेपरमध्ये ठाम दावा करायचा असेल तर नॉकडाउन किंवा नॉकआउट पेशी (रिसेप्टरचं जनुक दाबलेल्या किंवा काढून टाकलेल्या) लागतीलच.