कशाच्या तुलनेत? सामाजिक उद्योजकतेच्या संशोधनाविषयी वाचकांचे प्रश्न

सामाजिक उद्योजकतेवर पीएचडी करते आहे. सिनॉप्सिससाठी एकवीस व्याख्या जमवल्या. गाइड म्हणतात, एक निवड. कोणती निवडू?
— संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

एकवीसच? समाजाचा एखादा प्रश्न उद्योगाच्या रीतीने सोडवायचा, एवढंच ढोबळपणे ठरलेलं आहे. मन लावून शोधलंत तर पन्नास व्याख्या सापडतील. माझ्या स्वतःच्या प्रबंधाची पहिली साठ पानं व्याख्यांतच गेली आणि ती परीक्षकांनीही वाचली नसावीत, असा माझा दाट संशय आहे.

व्याख्या निवडताना ती कुणाकडे बघते आहे, ते पाहा. अमेरिकेत ग्रेगरी डीज यांनी १९९८ मध्ये मांडलेली व्याख्या माणसाकडे बघते. हाताशी साधनं नसतानाही धाडसाने पाऊल टाकणारा, समाजात बदल घडवणारा माणूस, असं ते चित्र आहे. युरोपात झाक दफुर्नी, मार्थ निसेन्स वगैरे अभ्यासकांनी संस्थेकडे पाहिलं. निर्णय कोण घेतं? नफा कुणाकडे जातो? मत भांडवलाच्या प्रमाणात मिळतं की माणसागणिक? इटलीत १९९१ मध्ये सामाजिक सहकारी संस्थांसाठी वेगळा कायदाच झाला. ही दृष्टी त्या वातावरणातली.

महाराष्ट्रात काम करणार असाल तर मला दुसरी वाट जवळची वाटते. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथे प्रत्येक सभासद बहीण मालक असते. मग त्यातली ‘उद्योजक’ कोण? माणूस शोधणाऱ्या व्याख्येला याचं उत्तर देता येत नाही. सहकारावर एक प्रकरण लिहा, गाइडना मी समजावतो असं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

आमच्याकडे विद्यापीठांतून संशोधक येतात, फॉर्म भरून घेतात आणि जातात. त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळत नाही. आता एक फंडर म्हणतो, ‘इम्पॅक्ट’ सिद्ध करा. या लोकांना पुन्हा दारात उभं करावं का?
— आरोग्य कार्यकर्ता, नंदुरबार

तुमचा राग रास्त आहे. तरी दार लावू नका, अटी घाला. अटींकडे येतोच, त्याआधी गडचिरोली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केलं. गावातल्याच बाईला शिकवायचं आणि तिने बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाला तपासायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा, वेळ पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देणं तेव्हा अनेक डॉक्टरांना धोक्याचं वाटत होतं. नुसत्या यशोगाथेने ते गप्प बसले नसते. ‘सर्च’ने ३९ गावांत हे काम केलं आणि नेहमीच्याच सेवा असलेल्या ४७ गावांतलेही जन्ममृत्यू तितक्याच काटेकोरपणे नोंदले. कामाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून सुमारे २५ वर आले. दुसऱ्या गावांत असं काही झालं नाही. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा ‘आशां’च्या मार्फत देशभरचा सरकारी कार्यक्रम झाला.

ती ४७ गावं नसती तर? कुणीही म्हणालं असतं, ‘रस्ते झाले, दवाखाने आले, मृत्यू आपसूक घटले असतील.’ तुमचा फंडर ‘इम्पॅक्ट’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा लाभार्थ्यांचा आकडा हवा असतो. ‘कशाच्या तुलनेत?’ हे तो विचारत नाही. तुम्ही विचारा. यासाठी लॅन्सेट लागत नाही. काम तीन टप्प्यांत वाढणार असेल, तर तिसऱ्या टप्प्यातल्या पाड्यांच्या नोंदी आजपासूनच ठेवायला लागा. पुढे त्याच तुलनेला येतील.

आता अटी. भरलेल्या माहितीची एक प्रत संस्थेकडे राहील. छापण्याआधी मसुद्याचा मराठी गोषवारा मिळेल आणि तो गावात वाचून दाखवला जाईल. ज्या कार्यकर्तीने महिनोन्‌महिने नोंदी केल्या, तिचं नाव लेखकांत येईल, निदान ऋणनिर्देशात तरी. हे लेखी घ्या. जे नाही म्हणतील त्यांना चहा पाजा आणि निरोप द्या.

दरवर्षी प्रपोजलमध्ये ‘यंदा नवीन काय?’ हा रकाना असतो. आमचं काम गेली बारा वर्षं तेच आहे आणि बरं चाललं आहे. काय लिहू?
— संस्थेच्या सचिव, सोलापूर

‘तेच, पण गेल्या वर्षीपेक्षा चांगलं,’ असं लिहायचं धैर्य असेल तर लिहा. अभ्यासकांचा आधार आहे. क्रिस्टियन सीलोस आणि योहाना मेअर यांनी २०१२ पासून हा मुद्दा लावून धरला आहे. त्यांचं म्हणणं असं की, समाजोपयोगी संस्थांची बरीचशी ताकद चालू काम थोडंथोडं सुधारत नेण्यात असते. त्याला वैतागून सतत नव्याच्या मागे लागलं की जे येतं तेही विसकटतं. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू झालं. तिथली शस्त्रक्रिया जगावेगळी नाही. डॉक्टरचा एकही मिनिट वाया जाऊ नये अशी मांडणी, रोगी तयार करण्यापासूनची कामं शिकवून तरबेज केलेल्या मुली आणि पैसे देणाऱ्यांच्या जोरावर न देणाऱ्यांचे उपचार, एवढ्यावर ते वाढलं. डोळ्यात बसवायच्या बाहेरच्या महागड्या भिंगांमुळे हिशेब अडायला लागला तेव्हा १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचा भिंगांचा कारखाना काढला. गरज पडली तेव्हा नवं केलं, रकाना भरायला नव्हे.

जाता जाता एक. प्रशासकीय खर्चाला ‘कायद्याने पाच टक्केच’ देता येतात, असं तुम्हाला सांगण्यात आल्याचं पत्रात आहे. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च; त्याच्या नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये तसा खुलासाही केला आहे. पुढच्या बैठकीला त्याची छापील प्रत घेऊन जा. परदेशी निधीची गोष्ट निराळी. तिथे २०२० पासून खरोखरच वीस टक्क्यांची मर्यादा आहे.

सूक्ष्मकर्जाने गरिबी हटत नाही असं संशोधनातून सिद्ध झालं, असं वाचलं. मग आम्ही गेली पंधरा वर्षं बचत गटात काय केलं?
— बचत गटाच्या अध्यक्षा, बीड

ताई, आधी कोणत्या कर्जाचा अभ्यास झाला ते बघू. २०१५ मध्ये सहा देशांतले सहा अभ्यास एकत्र छापून आले. त्यातला आपल्याकडचा हैदराबादचा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १०४ वस्त्या घेतल्या, त्यांतल्या चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्या वस्त्यांत एका खासगी वित्तसंस्थेने आधी शाखा उघडल्या. आधीच धंदा असलेल्या काहींना फायदा झाला, घरात टिकाऊ वस्तू आल्या, पानतंबाखूसारखा खर्च घटला. पण घरचा एकूण खर्च वाढला नाही आणि बाईच्या शब्दाला घरात जास्त वजन आलं, असंही दिसलं नाही. कर्जाने घर बुडालं असाही निष्कर्ष नाही. सहाही ठिकाणचा सूर साधारण असाच: थोडा उपयोग, कायापालट नाही.

आता तुमचा गट. तुम्ही आधी बचत करता, मग आपसांत कर्ज देता, व्याज गटातच राहतं आणि महिन्याची बैठक होते. हैदराबादेत तपासलं गेलं ते कंपनीचं कर्ज, तुमची बैठक नव्हे. तो निष्कर्ष जसाच्या तसा तुमच्या गटाला लावता येत नाही. मात्र गटाने बायकांचं आयुष्य बदललं असं म्हणायचं असेल, तर नंदुरबारच्या भाऊंना विचारायला सांगितलेला ‘कशाच्या तुलनेत?’ हा प्रश्न तुम्हालाही चुकणार नाही. जुनी वह्यापुस्तकं रद्दीत घालू नका. पंधरा वर्षांच्या नोंदी बघून एखादी अभ्यासक हरखून जाईल.

संस्थेची कंपनी करावी का? धंदा करून काम टिकवावं, असं तरुण विश्वस्त म्हणतात. जुने म्हणतात, मूळ काम बुडेल.
— विश्वस्त, सांगली

नोंदणीचं सीए बघतील. संशोधनाने दाखवलेली भानगड वेगळीकडे आहे. जुली बातिलाना आणि सिल्व्हिया दोरादो यांनी २०१० मध्ये बोलिव्हियातल्या दोन सूक्ष्मवित्त संस्थांची तुलना छापली. दोन्ही स्वयंसेवी कामातून निघालेल्या. त्यांतल्या बँकोसोलने एकीकडे मुरलेले बँकवाले घेतले, दुसरीकडे समाजकार्यातले लोक, आणि दोघांत अशी जुंपली की काम खोळंबलं. दुसरीने ना बँकेचा ना चळवळीचा अनुभव असलेली ताजी पदवीधर मुलं घेतली आणि आपल्या पद्धतीत घडवली. तिथे तेढ कमी राहिली, पण माणसं तयार व्हायला वेळ लागला.

तुमच्या पत्रावरून दोन गट आताच पडलेले दिसतात. कंपनी झाल्यावर पहिली पाच माणसं कोण घेणार आणि कुठून, हे दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळ्या कागदांवर लिहायला सांगा. मग ते कागद मला पाठवा. वाचायची उत्सुकता आहे.