लोरेना ओचोआ हिने पहिल्या क्रमांकावर असताना गोल्फ सोडले. तिचा वारसा त्यामुळे अपुरा राहिला का?

आपण विचारले आहे की, मेक्सिकोची लोरेना ओचोआ जागतिक क्रमवारीत पहिली असताना, वयाच्या अवघ्या २८व्या वर्षी निवृत्त झाली, त्याबद्दल तिच्या चाहत्यांना आज काय वाटते आणि तिचा वारसा त्यामुळे अपुरा राहिला का. सगळ्या चाहत्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही, आणि खरे तर मी गोल्फ कधी खेळलेलोही नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी कपाशी आणि तूर पिकवतो. मात्र वडिलोपार्जित शेतीकडे परतण्याआधी काही वर्षे मी पुण्याकडच्या एका गोल्फ मैदानावर देखभालीच्या कामाला होतो, ती वर्षे नेमकी ओचोआच्या भरभराटीची होती, आणि तिच्याबद्दलचे माझे मत त्या कामातून बनलेले आहे. तेव्हा हे उत्तर गवत कापणाऱ्याच्या बाजूने दिलेले आहे, असे समजून वाचावे.

आधी आकड्यांचा हिशेब उरकतो, कारण तिथे चाहत्यांची हळहळ खोटी नाही. ओचोआ २००३ मध्ये अमेरिकेतल्या एलपीजीए या व्यावसायिक महिला मालिकेत दाखल झाली आणि २०१० मध्ये बाहेर पडली. एवढ्या काळात तिने २७ स्पर्धा जिंकल्या, त्यांपैकी २१ तर २००६ ते २००८ या तीनच हंगामांत. एप्रिल २००७ मध्ये तिने स्वीडनच्या ॲनिका सोरेनस्टॅमला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला आणि निवृत्त होईपर्यंत, म्हणजे सलग १५८ आठवडे, तो सोडला नाही. स्त्री असो वा पुरुष, मेक्सिकोच्या दुसऱ्या कोणत्याही गोल्फपटूला त्याआधी ते स्थान मिळाले नव्हते. एका हंगामात ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस रक्कम मिळवणारी पहिली महिलाही तीच. परंतु मेजर म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धांकडे पाहिले, तर तिच्या नावावर दोनच विजेतेपदे आहेत, २००७ ची ब्रिटिश ओपन आणि २००८ ची क्राफ्ट नाबिस्को. सोरेनस्टॅमच्या नावावर दहा आहेत. सोरेनस्टॅम खेळातून बाहेर पडली तेव्हा ३८ वर्षांची होती. त्या दोघींच्या निवृत्तीच्या वयातले जे दहा वर्षांचे अंतर आहे, तेच ओचोआच्या चाहत्यांच्या मनात आजही सलते, आणि ती आणखी पाच वर्षे खेळली असती तर सर्वकालीन श्रेष्ठ गोल्फपटूंच्या यादीत किती वर गेली असती, ही चर्चा त्यामुळेच संपत नाही.

ही हळहळ मला समजते, पण तिच्यातून पुढे जी तक्रार निघते ती मला मान्य नाही. तक्रार अशी की, तिने चाहत्यांचे आणि देशाचे काही तरी देणे बुडवले. तिने डिसेंबर २००९ मध्ये लग्न केले आणि एप्रिल २०१० मध्ये निवृत्ती जाहीर केली, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. आमच्या तालुक्याच्या कबड्डी संघातल्या किती तरी चांगल्या मुलींचा खेळ हळद लागताच संपलेला मी पाहिला आहे. त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही विचारले जाण्याची वाट पाहिली नाही. ओचोआचे प्रकरण त्या रांगेत बसवणे चुकीचे आहे. आपण फार वर्षे खेळणार नाही, साधारण दहा वर्षांनी घरी परतू, हे ती कारकिर्दीच्या सुरुवातीपासूनच बोलत आली होती. घर, मुले आणि स्वतः उभारलेली संस्था यांना वेळ द्यायचा आहे, असे तिने जाहीरपणे सांगितले, आणि मेक्सिकोतल्याच मोरेलिया येथील स्पर्धा खेळून ती थांबली. ज्या बाईने जगातल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकल्यानंतर स्वतःच्या हिशेबाने दिवस ठरवला, तिच्याकडे बिचारी म्हणून पाहण्याचे कारण नाही.

आता ज्या गोष्टीमुळे ती मला आपली वाटली, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेतल्या गोल्फ मैदानांवर गवत कापणारे, बंकरमधल्या वाळूवर दाताळे फिरवणारे आणि पाइप दुरुस्त करणारे कामगार मोठ्या संख्येने मेक्सिकोतून आलेले असतात. ओचोआ स्पर्धेच्या आठवड्यात मैदानाच्या मागच्या बाजूला, जिथे यंत्रे आणि खताची पोती ठेवलेली असतात, तिथे जाऊन या कामगारांना भेटत असे, त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये गप्पा मारत असे, त्यांच्यासोबत न्याहारी करत असे आणि काही वेळा ती न्याहारी तयार करायलाही हात लावत असे. जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचल्यावरही तिने ही पद्धत मोडली नाही.

याचे मोल कळायला ते काम कसे चालते हे ठाऊक असावे लागते. मैदानावरचा दिवस पहाटे, उजाडण्याआधी सुरू होतो. ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावरचे, दव आधी झटकावे लागते, नाही तर यंत्राला गवताचा चिखल चिकटतो आणि कापणीच्या रेषा वाकड्या उमटतात. मग ज्याचा हात सर्वांत स्थिर असेल असा माणूस होल बदलायला निघतो, कारण चेंडू रोज एकाच जागी येऊन थांबला तर तिथले गवत तुडवून मरते. तो गोल पात्याचे अवजार नव्या जागी सरळ उभे दाबतो, मातीचा गवतासकट निघालेला गोळा जपून उचलतो आणि तोच गोळा जुन्या खड्ड्यात इतका बेताने बसवतो की, तिथे काल होल होता हे ओळखू येऊ नये. गोळा थोडासा वर राहिला तर चेंडू उडतो, आणि खाली गेला तर पाणी साचते. हे सगळे आटोपून खेळाडू येण्याआधी बाजूला व्हायचे असते. वाटेत कोणी आलेच, तर यंत्र बंद करून, आपली सावलीही चेंडूच्या रेषेवर पडणार नाही अशा बेताने उभे राहायचे असते. यात कोणाचा उर्मटपणा नसतो, त्या खेळाची शिस्तच तशी आहे. परंतु अशा कामात माणूस हळूहळू दिसेनासा होतो, हेही तितकेच खरे आहे.

म्हणूनच ओचोआच्या त्या न्याहारीला मी नुसता चांगुलपणा म्हणत नाही. कापूस वेचायला आलेल्या बायांच्या पंगतीत एखादा मालक धुऱ्यावर मांडी घालून बसला आणि त्यांच्या शिदोरीतली भाकर मागून खाऊ लागला, तर त्या दिवसाची मजुरी वाढत नाही, पण त्या बाया त्याचे नाव पुढच्या हंगामातही काढतात; इथे तसेच काहीसे घडले. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. ओचोआ काही हलाखीतून वर आलेली नव्हती. तिचे घर ग्वादालाहारा शहरातल्या मोठ्या क्लबला लागून होते, ती लहानपणापासून तिथेच खेळली आणि पुढे ॲरिझोना विद्यापीठाच्या संघातून घडली. गरिबीतून विजेतेपदापर्यंत, अशी तिची कहाणी रंगवणारे तिच्यावर अन्यायच करतात, असे मला वाटते. जिला कामगारांच्या त्या मागच्या बाजूकडे वळण्याची काहीही गरज नव्हती ती वळली, हे अधिक मोठे आहे.

मैदानावर ती कमी नव्हती, हेही चाहत्यांनी विसरू नये. २००७ ची ब्रिटिश ओपन सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर झाली. गोल्फचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या त्या मैदानावर महिलांची व्यावसायिक स्पर्धा पहिल्यांदाच होत होती. ओचोआने पहिल्या दिवशी आघाडी घेतली, ती चौथ्या दिवसापर्यंत टिकवली आणि चार फटक्यांच्या फरकाने स्पर्धा जिंकली. तोपर्यंत तिला मोठ्या स्पर्धेत दडपण सोसत नाही, असे म्हटले जात होते, आणि त्याला २००५ च्या यूएस ओपनमधल्या शेवटच्या होलवर पाण्यात गेलेल्या तिच्या चेंडूचा दाखला दिला जात असे.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर एका नियमाच्या गोष्टीत सापडते. एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, २७ गुण आणि दहा हंगामांचा खेळ या प्रमुख अटी होत्या. गुण तिने २००८ मध्येच पूर्ण केले होते. आणखी दोन-तीन हंगाम तिने नावापुरती हजेरी लावली असती, तरी हंगामांची अटही पूर्ण झाली असती, पण मानासाठी हजेरी लावणे तिला मंजूर नव्हते. २०१७ मध्ये जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेमने तिला सन्मानित केले, आणि २०२२ मध्ये एलपीजीएने दहा हंगामांची अटच काढून टाकून तिला आत घेतले. तिने थांबून राहण्याऐवजी नियमच तिच्यापर्यंत चालत आला, याचा एक चाहता म्हणून मला आजही आनंद वाटतो.

वारशाची दुसरी बाजू मात्र इतकी सुखाची नाही. ती गेल्यावर एलपीजीएमध्ये मेक्सिकोच्या खेळाडूला विजय मिळवायला २०१८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी गॅबी लोपेझने चीनमधली स्पर्धा जिंकली आणि ती ओचोआनंतरची पहिली मेक्सिकन विजेती ठरली. एका मोठ्या खेळाडूमुळे खेळ गावोगाव पोहोचतो, हा समज यातून खोटा पडतो. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळूरची अदिती अशोक पदकापासून थोडक्यात हुकून चौथी आली, तेव्हा आमच्या गावातही लोक मोबाइलवर गोल्फ पाहत मला नियम विचारत होते. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला सुवर्णपदक घेऊन आला आणि गोल्फ पुन्हा कोणाच्या तोंडी आला नाही. गोल्फला जमीन लागते, पाणी लागते आणि पैसा लागतो, आणि या तिन्ही गोष्टी ओचोआ आणखी दहा वर्षे खेळल्याने मेक्सिकोतल्या गरीब मुलांच्या दारी आल्या नसत्या. तिच्या संस्थेने ग्वादालाहारामध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी ला बार्रांका ही शाळा चालवली, आणि मुलांना गोल्फची काठी हाती देण्याआधी वही-पुस्तक दिले, हे मला तिच्या न मिळवलेल्या मेजरपेक्षा अधिक वजनाचे वाटते.